चित्र कधी ठरले, नियम कधी ठरला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘घटना घडण्याआधीच मेंदूला कळते, आता विज्ञानानेही मान्य केले’ अशा अर्थाचा मजकूर पुरवण्यांमध्ये अधूनमधून येतो आणि मोबाइलवर तर बाराही महिने फिरत असतो. त्यात बहुधा तीन प्रयोगांचे दाखले असतात. एक अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला, दुसरा तळहाताच्या घामाच्या मोजणीचा आणि तिसरा ‘मेंदू निर्णय सात सेकंद आधीच घेऊन टाकतो’ हा. तिन्ही प्रयोग खरोखर झालेले आहेत, त्यामुळे ‘सगळे थोतांड’ म्हणून हात झटकणे बरोबर नाही. पण त्यांत नेमके काय केले, आकडे कुठून आले आणि पुढे त्यांचे काय झाले, हे त्या मजकुरात सहसा नसते. ते छापून यावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवावेत. ज्या गोष्टीची चाहूल लागली म्हणतात, ती गोष्ट स्वतः कधी ठरली? आणि ‘बरोबर आले’ कशाला म्हणायचे, हा नियम कधी ठरला?

कॉर्नेलचा प्रयोग डॅरिल बेम या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञाचा. २०११ मध्ये त्यांनी नऊ प्रयोगांचा शोधनिबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. हजारावर विद्यार्थी होते आणि नऊपैकी आठ प्रयोगांत ‘भविष्याची चाहूल’ लागल्याचा दावा होता. त्यातला पहिला प्रयोग सर्वांत जास्त सांगितला जातो. पडद्यावर दोन झाकलेल्या चौकटी दिसतात. एकीमागे चित्र आहे, दुसरीमागे काही नाही. विद्यार्थ्याने एक निवडायची. त्याने निवड केल्यावरच चित्र कोणत्या बाजूला ठेवायचे ते यंत्र ठरवते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे चोख आहे. चित्र नंतर ठरले. प्रत्येकाने असे ३६ वेळा करायचे. कामोत्तेजक चित्रांच्या वेळी ५३.१ टक्के निवडी बरोबर आल्या, इतर चित्रांच्या वेळी ४९.८ टक्के.

आता बेरीज करू. विद्यार्थी १००. पहिल्या ४० जणांना कामोत्तेजक चित्रे प्रत्येकी १२ होती, पुढच्या ६० जणांना प्रत्येकी १८. एकूण १,५६० निवडी. नुसत्या नशिबाने ७८० बरोबर यायला हव्यात, आल्या सुमारे ८२८. सारा गाजावाजा या ४८ निवडींवर उभा आहे. १,५६० वेळा नाणे उडवले तर छापांचा आकडा ७८० च्या खाली-वर चाळीसेक हलतोच, त्यात नवल नाही. ४८ ही त्याच्या जरा बाहेरची उडी. ‘शंभरात पाचपेक्षा कमी वेळा असे योगायोगाने घडेल’ या रूढ कसोटीला ती उतरते.

पण ही कसोटी एका अटीवर चालते. कोणती चित्रे मोजायची, किती जण घ्यायचे आणि कुठे थांबायचे हे सारे आधी ठरलेले हवे. वर पाहिलेच, की ४० विद्यार्थ्यांनंतर चित्रांचे वाटप बदलले. निकाल तपासायला चित्रांचे प्रकार अनेक, विद्यार्थ्यांच्या स्वभावाचे गट अनेक. बेम यांनी लबाडी केली असे आमचे म्हणणे नाही. त्या काळी मानसशास्त्रात बहुतेक जण असेच काम करत. त्याच वर्षी, २०११ मध्येच, सिमन्स, नेल्सन आणि सिमॉन्सन या तिघांनी या सैलपणाची किंमत मोजून दाखवली. प्रत्येक गटात २० जण घेतले, निकाल पाहिला, नाही जमला म्हणून आणखी १० घेऊन पुन्हा पाहिला. एवढ्यानेच चुकीच्या ‘शोधा’ची शक्यता ५ वरून ७.७ टक्क्यांवर जाते. अशा चार सवलती एकत्र घेतल्या की ती ६० टक्क्यांच्या पुढे जाते. काही नसताना काहीतरी सापडण्याचे प्रमाण साठ टक्के!

बेम यांचा आठवा प्रयोग तर विद्यार्थीवर्गाला फारच आवडावा. ४८ शब्द एकेक करून दाखवायचे, मग आठवतील तेवढे लिहून घ्यायचे आणि त्यानंतर त्यांतल्या यंत्राने निवडलेल्या २४ शब्दांचा सराव करून घ्यायचा. ज्यांचा सराव पुढे होणार होता तेच शब्द आधी जास्त आठवले, असा दावा. म्हणजे आधी परीक्षा, मग अभ्यास! ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी हा प्रयोग तीन ठिकाणी, प्रत्येकी ५० जणांवर, पुन्हा केला. काही मिळाले नाही. ज्या नियतकालिकाने मूळ निबंध छापला होता, त्याने पुन्हा केलेल्या प्रयोगांचे निबंध घेत नाही म्हणून तो परत पाठवला. तो २०१२ मध्ये दुसरीकडे छापून आला. त्याच वर्षी गलाक आणि सहकाऱ्यांनी सात प्रयोग, ३,२८९ माणसे एवढा पसारा मांडून पाहिला. हाती शून्यच आले.

तरीही ‘तुम्ही नीट केला नाही’ असे म्हणायला जागा होती. ती बुजवली २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पाने, आणि या सगळ्या प्रकरणात मुद्दाम अभ्यासावी अशी गोष्ट ती हीच. भविष्याची चाहूल मानणारे आणि न मानणारे, दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आधी एकत्र बसले. प्रयोगाची प्रत्येक पायरी, किती निवडी झाल्यावर थांबायचे आणि कोणता आकडा आला तर कोण जिंकले, हे सगळे त्यांनी लिहून काढले. मग दहा प्रयोगशाळांमध्ये बेम यांचा पहिला प्रयोग पुन्हा झाला. निवडी नोंदल्या जातील तशा त्या सार्वजनिक संगणक-भांडारात जात होत्या, म्हणजे मागाहून आकड्यांत हात घालायची सोयच नव्हती. बाहेरचे तपासनीस होते. २,११५ माणसांनी कामोत्तेजक चित्रांच्या ३७,८३६ निवडी केल्या. बरोबर आल्या ४९.८९ टक्के. ५३.१ टक्के हे प्रमाण खरे असते, तर निम्म्यापेक्षा हजार-बाराशे निवडी जास्त बरोबर यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात निम्म्यापेक्षा चाळीसेक कमीच आल्या.

पुरवणीतल्या लेखांत ५३.१ हा आकडा असतो, ४९.८९ हा कधीच नसतो.

आता घामाच्या मोजणीकडे. इथे मामला अधिक नाजूक आहे, कारण सुईची हालचाल खरोखर दिसते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना इलेक्ट्रोड लावतात, अर्धा व्होल्टचा स्थिर दाब देतात आणि त्वचेतून वीज किती सहज जाते ते मायक्रोसिमेन्स या एककात मोजतात. माणूस दचकला की घामाच्या ग्रंथी चालू होतात आणि हा आकडा चढतो. पडद्यावर कधी शांत चित्र (निसर्ग, भांडी), कधी उत्तेजक चित्र (अपघात, शरीर). कोणते येणार ते यंत्र आयत्या वेळी ठरवते. डीन रेडिन यांनी १९९७ मध्ये आणि त्यानंतर इतरांनी असे मांडले, की उत्तेजक चित्राच्या आधीच्या काही सेकंदांत आकडा किंचित जास्त असतो. २०१२ मध्ये मॉसब्रिज आणि सहकाऱ्यांनी १९७८ ते २०१० या काळातले २६ अहवाल एकत्र करून लहानसा पण एकाच दिशेचा परिणाम असल्याचे लिहिले.

यात बिघडू शकते ते कुठे? पहिली जागा ढोबळ आहे. हा आकडा चढायला एक ते तीन सेकंद लागतात, पण उतरायला दहा सेकंदही लागू शकतात. दोन चित्रांमध्ये दहा-बारा सेकंदच ठेवले, तर मागच्या चित्राचे शेपूट पुढच्या चित्राच्या ‘आधी’त येऊन बसते. वीस-तीस सेकंदांचे अंतर हवे. दुसरी जागा सरासरीची. रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून प्रत्येक क्षणाच्या मागचे-पुढचे दोन-दोन सेकंद धरून सरासरी काढली, तर नंतरचा चढ आपोआप अलीकडे सरकतो.

तिसरी जागा मात्र फसवी आहे आणि भल्याभल्यांना ती दिसत नाही. माणसाचे मन चित्रांची मोजदाद ठेवते. दोन-चार शांत चित्रे लागोपाठ आली, की ‘आता येतंय काहीतरी’ अशी धाकधूक वाढते. उत्तेजक चित्र येऊन गेले की ती उतरते. यंत्राची निवड पूर्ण यदृच्छ, म्हणजे नाणे उडवल्यासारखी, असेल, तर या धाकधुकीने काय बिघडणार, असे वाटते. बिघडते, आणि ते कागद-पेन्सिलीने तपासता येते. समजा एका माणसाला फक्त दोनच चित्रे दाखवली. सुरुवातीची धाकधूक शून्य, शांत चित्रानंतर एक आणि उत्तेजक चित्रानंतर पुन्हा शून्य. क्रम चारच शक्य आहेत आणि चारही सारख्याच शक्यतेचे. शांत-शांत आणि उत्तेजक-उत्तेजक या दोन क्रमांत तुलना करता येत नाही, कारण दुसऱ्या प्रकारचे चित्रच नाही. उरले दोन. शांत-उत्तेजक या क्रमात शांत चित्राआधी धाकधूक शून्य, उत्तेजकाआधी एक. फरक एक. उत्तेजक-शांत या क्रमात दोन्हींच्या आधी शून्य. फरक शून्य. प्रत्येक माणसाचा फरक काढून त्याची सरासरी घ्या: अर्धा. उत्तेजक चित्राआधी शरीर ‘जास्त जागे’ असल्याचा पुरावा हाती आला, आणि भविष्य तर कोणालाच कळलेले नाही.

गंमत पुढे आहे. माणूस-माणूस वेगळा न करता चारही क्रमांतली सगळी चित्रे एकाच ढिगात घातली, तर उत्तेजक चार चित्रांआधीची धाकधूक ०, ०, ०, १ आणि शांत चार चित्रांआधीचीही ०, ०, ०, १. फरक गायब. म्हणजे सरासरी कोणत्या क्रमाने काढली, यावर ‘भविष्याची चाहूल’ लागते किंवा लागत नाही. चित्रांची संख्या वाढवली की हा भास कमी होतो, पण अशा प्रयोगांत एका माणसाला तीस-चाळीसच चित्रे दाखवलेली असतात, आणि परिणामही तसाच बारीक शोधायचा असतो. पत्त्यांसारखी ठरावीक संख्येतली चित्रे पिसून दाखवली, तर भास आणखी वाढतो. कारण तिथे शांत चित्रे संपत चालली की उत्तेजकाची शक्यता खरोखरच वाढलेली असते. हा आक्षेप नवा नाही. दालक्विस्ट, वेस्टरलुंड आणि बिअरमन यांनी २००२ मध्येच तो संगणकावर तपासला होता, आणि यातले बिअरमन स्वतः चाहुलीच्या बाजूचे संशोधक. मॉसब्रिज यांच्या गटाचे म्हणणे असे, की एवढ्याने सगळा परिणाम उलगडत नाही. ते म्हणणे तपासायचा रस्ता चौकटींच्या प्रयोगाने दाखवलाच आहे: सरासरी काढायची रीत आधी लिहून ठेवायची, मग बोटांना तारा लावायच्या.

ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीच्या, आलेखात आणखी एक सापळा असतो. डोक्यावरून मिळणारी रेघ हळूहळू वर-खाली सरकत राहते, म्हणून ती फिल्टरमधून काढतात. साध्या फिल्टरने लाट थोडी उशिरा दिसते. तो उशीर जावा म्हणून नोंद एकदा पुढच्या दिशेने आणि एकदा उलट्या दिशेने फिल्टरमधून काढायची पद्धत आहे. उशीर जातो, पण चित्र दिसल्यानंतर तीनशे मिलिसेकंदांनी उठलेल्या मोठ्या लाटेची उलटी सावली चित्राच्या अलीकडे पडते. उत्तेजक चित्राची लाट मोठी, म्हणून तिची सावलीही मोठी. पाहणाऱ्याला वाटते, मेंदूला आधीच कळले. फिल्टरची खालची मर्यादा (जिच्याखालच्या मंद लाटा कापल्या जातात) १ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एका लाटेच्या, आसपास किंवा त्याहून वर ठेवली, तर ही सावली ठसठशीत दिसते. ०.१ हर्ट्झ किंवा त्याखाली नेली, की बरीच फिकी पडते. तपासायची रीत सोपी आहे. सपाट रेघेवर शून्य क्षणानंतर एक कृत्रिम उंचवटा ठेवा, तोच फिल्टर लावा आणि शून्याच्या आधी काय उगवते ते पाहा. काही उगवले तर ते मेंदूचे नव्हे. शून्याआधीचा परिणाम शोधायचा असेल, तर एकाच दिशेने चालणारा फिल्टर वापरावा.

‘सात सेकंद आधी’ या तिसऱ्या दाखल्याचे काम लवकर आटोपते, कारण तो मुळात या विषयाचाच नाही. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये माणसांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितले. मेंदूतली तयारीची लाट हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होत होती आणि ‘आता हलवावे’ ही जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी. २००८ मध्ये एमआरआय वापरून केलेल्या प्रयोगात डावे बटण दाबणार की उजवे, याचा अंदाज सात ते दहा सेकंद आधीच्या नोंदीवरून बांधता आला, पण तो जेमतेम ६० टक्के वेळा बरोबर. दोन्ही ठिकाणी घटना म्हणजे त्या माणसाची स्वतःचीच हालचाल. स्वयंपाकघरात फोडणीचा वास आला म्हणून जेवणाची ‘पूर्वसूचना’ मिळाली म्हणावे, तसे हे आहे. बाहेरची, अजून न ठरलेली घटना या प्रयोगांत नाहीच.

मेंदू पुढचे पाहतो, हे मात्र शंभर टक्के खरे. तो खुणांवरून पाहतो आणि खुणा काढून घेतल्या की अडखळतो. क्रिकेटचे उदाहरण घेऊ. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच सुमारे दोनशे मिलिसेकंद जातात. लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० मध्ये फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवून पाहिले. फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेवतच नाही. चेंडू सुटताना पाहतो आणि मग जिथे टप्पा पडेल असे वाटते तिथे नजर आधीच नेऊन ठेवतो. फलंदाज जितका चांगला, तितकी ही उडी लवकर. गोलंदाजाच्या खांद्यावरून, मनगटावरून अर्धे काम झालेले असते. आता समोर गोलंदाजाऐवजी चेंडू फेकणारे यंत्र ठेवा. वेग तोच, टप्पाही तोच, पण मनगट नाही. चांगल्या फलंदाजाचेही पाऊल आणि बॅटचे टायमिंग बदलते. चेंडू कुठे येणार हे मेंदूला थेट कळत असते, तर मनगट दिसले काय आणि न दिसले काय, सारखेच होते.

‘हे आधी घडून गेलंय’ असा भास होताना पुढे काय होणार तेही कळते आहे, असे पुष्कळांना वाटते. कॉलोराडोच्या अॅन क्लिअरी यांनी २०१८ मध्ये ते तपासले. आभासी जगातल्या वाटांवरून लोकांना फिरवले. आधी दाखवलेल्या जागेसारखी मांडणी असलेली नवी जागा दाखवली, की भास व्हायचा. मग शेवटच्या वळणापाशी थांबवून ‘आता डावीकडे की उजवीकडे?’ असे विचारले. भास होत असताना ‘मला माहीत आहे’ ही भावना जोरात होती. उत्तरे मात्र नाणे उडवल्याइतकीच बरोबर होती. कळल्याची भावना आणि कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच मोजले गेले असेल.

एका ठिकाणी मात्र ‘काहीतरी वाईट होणार’ ही भावना अजिबात हसण्यावारी नेऊ नये. तीव्र अॅलर्जी, फुप्फुसातली रक्ताची गुठळी, हृदयविकाराचा झटका, चुकीच्या गटाचे रक्त चढणे या सर्वांत रुग्ण कधी कधी बाकीची लक्षणे ठळक होण्याआधीच ‘मी आता वाचत नाही’ असे म्हणतो. रक्तदाब, श्वास, नाडी यांतले बारीक बदल शरीराने टिपलेले असतात. रक्त चढत असताना रुग्ण असे म्हणाला, तर धीर देत बसू नये. रक्त लगेच थांबवावे, सलाइनने शीर चालू ठेवावी, डॉक्टरांना बोलवावे आणि पिशवीवरचा गट-क्रमांक व रुग्णाची ओळख पुन्हा ताडून पाहावी. तसेच एखाद्याला तीच ‘चाहूल’ वारंवार येत असेल, तिच्याबरोबर पोटातून वर चढणारी लहर किंवा नसलेला वास येत असेल आणि मिनिटभर भान हरपत असेल, तर त्याने ज्योतिषाकडे न जाता मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. कानशिलामागच्या भागातून सुरू होणाऱ्या अपस्माराची सुरुवात अशी होऊ शकते.

राहता राहिली स्वप्ने. ‘काकांना स्वप्नात पाहिले आणि सकाळी फोन आला.’ कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. ही गाठ किती वेळा पडावी, याचा हिशेब मात्र करत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. मृत्यूचे प्रमाण दरवर्षी हजारी सहा धरू, म्हणजे साडेसहा लाखांहून थोडे जास्त मृत्यू; हिशेबाला साडेसहा लाखच घेऊ. प्रत्येकाची जवळची माणसे २० धरू. त्यांतल्या प्रत्येकाला त्या माणसाच्या मृत्यूचे स्वप्न दहा वर्षांत एकदाच पडते, असे मानू. दहा वर्षांच्या ३,६५० रात्री. तेव्हा ते स्वप्न नेमके आदल्या रात्री पडायची शक्यता ३,६५० मध्ये एक. एक कोटी तीस लाखांना ३,६५० ने भागले की वर्षाला साधारण साडेतीन हजार ‘खरी ठरलेली’ स्वप्ने निघतात. एकट्या महाराष्ट्रात रोज नऊ-दहा. यात घरातले कोणी आजारी असताना तसली स्वप्ने जास्त पडतात, हे धरलेलेच नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे! आमची गृहीतके कोणाला पटत नसतील, तर त्याने २० ऐवजी ५ माणसे धरावीत. तरीही दिवसाला दोन स्वप्ने उरतात, आणि गावभर चर्चा व्हायला तेवढी पुरे.

स्वप्नांची नोंद आधीच करून ठेवायचा एक प्रामाणिक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या अॅबरफन गावात कोळशाच्या खाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले. जॉन बार्कर या मानसोपचारतज्ज्ञाने ‘कोणाला आधी चाहूल लागली होती का?’ असे वर्तमानपत्रातून विचारले. ७६ उत्तरे आली, पण सगळी घटनेनंतर. म्हणून १९६७ च्या जानेवारीत त्याच वर्तमानपत्राच्या साथीने पूर्वसूचना नोंदवण्याची कचेरीच उघडली. भाकीत आले की तारखेसह नोंद आणि अकरापैकी गुण: वेगळेपणाला पाच, अचूकपणाला पाच, वेळेला एक. सुमारे सव्वा वर्षात ७२३ भाकिते जमली. जुळली असे मानले गेले अठरा. त्यांतली बारा दोनच व्यक्तींची, आणि त्या दोघांचीही न जुळलेली भाकिते पुष्कळ. विमान अपघात, वादळ, मोठ्या माणसाचा मृत्यू अशी भाकिते सव्वा वर्षाच्या मुदतीत न जुळली तरच आश्चर्य, आणि गुणांच्या त्या तक्त्यात वेळेला अकरापैकी एकच गुण होता.

अॅबरफनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो ढीग ओढ्याच्या उगमावर रचला जात होता आणि शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या धोक्याबद्दल स्थानिक प्रशासनातल्या अभियंत्याने १९६३ मध्येच लेखी कळवले होते. खरे भाकीत तीन वर्षे फायलीत पडून होते.

आपल्याकडेही नियम आधी ठरवून झालेली एक चाचणी आहे. ती मेंदूची नसून फलज्योतिषाची, पण कसब तेच. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली एवढेच विचारले. यशासाठी किमान २८ बरोबर हवीत, हे आधीच जाहीर. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत जास्त गुण २४, आणि सरासरी निम्म्याहूनही कमी. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर आल्या. हा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला.

शाळेत करून पाहायचे असेल, तर पत्त्यांचा एक जोड पुरतो. लाल की काळा, एवढाच अंदाज. पण आधी अंदाज लिहायचा, वही मिटायची आणि मग दुसऱ्याने पत्ते पिसून एक काढायचा. उलट केले तर तो पत्ता आधीच ठरलेला असतो आणि काढणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, पत्त्याच्या पाठीवरच्या ओरखड्यावरूनही कळतो. काढलेला पत्ता पुन्हा जोडात मिसळायचा, नाहीतर काळे संपत आले की लाल कोणीही सांगेल. मोबाइलवरच्या यदृच्छ आकड्यांवर विसंबू नये. साध्या प्रोग्रामचे आकडे सुरुवातीच्या बीजसंख्येवरूनच ठरून गेलेले असतात, म्हणजे ते भविष्य नव्हेच. प्रत्येकाने १०० अंदाज करायचे, ना कमी ना जास्त. साठ मुलांच्या वर्गात ५९ किंवा त्याहून जास्त बरोबर आलेली दोन-तीन मुले निघतील. ती निघणारच. त्यांनाच पुन्हा १०० अंदाज करायला बसवावे आणि दोन्ही वेळांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

आपल्या वृत्तपत्रालाही हे करता येईल. वाचकांकडून १ जानेवारीपर्यंत बंद पाकिटे मागवावीत. पाकिटात प्रत्येकी तीनच भाकिते असावीत, आणि प्रत्येकात घटना, जिल्हा आणि सात दिवसांहून मोठी नाही अशी मुदत. पाकिटांवर क्रमांक आणि पोस्टाचा शिक्का असावा. वर्षअखेरीस ती ज्यांनी भाकिते लिहिली नाहीत अशा तिघांसमोर फोडावीत. तीच भाकिते आदल्या वर्षीच्या अंकांशीही त्याच नियमाने ताडून पाहावीत. त्या जुन्या वर्षात जितकी जुळतील, तितकी योगायोगाची पातळी धरावी. आणि पाकिटे पाठवण्याचे आवाहन ज्या चौकटीत छापाल, त्याच चौकटीत गुण देण्याचा नियमही छापावा. नंतरच्या अंकात छापलेला नियम आम्ही धरणार नाही.

आपले,
मेंदूविज्ञान आणि संख्याशास्त्र शिकवणारे दोन अध्यापक,
पुणे